स्पॅनिश पत्रातला ‘डाग’ इंग्रजीत नेताना

स्पेन किंवा मेक्सिकोच्या खरेदीदाराचं तक्रारीचं पत्र आलं, की सोलापूर-इचलकरंजीकडच्या आमच्या ग्राहकांचा फोन ठरलेला: “दोनच ओळी आहेत. मांचार म्हणजे स्टेन ना? मग भाषांतराला एक दिवस कशाला लागतो?” दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा हे लिहूनच ठेवतो.

मांचार म्हणजे स्टेन, हे शब्दकोशापुरतं बरोबर. पण ‘ला तोआया मांचा’ याचा अर्थ टॉवेलचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागतो, आणि ‘ला तोआया से मांचा’ म्हणजे टॉवेलवरच डाग पडतात. फरक एका ‘से’चा. इंग्रजीत मात्र दोन्हींचं ‘द टॉवेल स्टेन्स’ होऊ शकतं, आणि वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. ‘एस्ता मांचादा’ असेल तर गोष्ट तिसरीच: हातात आलेला टॉवेल डागाळलेला आहे. पहिल्या तक्रारीत रंगाईवाल्याला विचारायचं, तिसरीत आधी पॅकिंग आणि कंटेनर बघायचा. मराठीत ‘रंग लागतो’ आणि ‘डाग पडलाय’ यांची गल्लत तुम्ही कधी करणार नाही. इंग्रजीत ती सहज होते.

म्हणून रंग लागण्याच्या तक्रारीत आम्ही नुसतं ‘स्टेन्स’ लिहीत नाही, रंग कशाला लागतो तेही लिहितो. वाक्य लांबतं. काहींना वाटतं, शब्द वाढवून बिल फुगवलं. आमचा दर मूळ स्पॅनिश शब्दांवर आहे, इंग्रजी कितीही लांबो. लॅबच्या अहवालात ‘स्टेनिंग’ हा शब्द मात्र तसाच ठेवतो, कारण तिथे तो चाचणीत सोबत जोडलेल्या दुसऱ्या कापडाला लागलेल्या रंगाचाच ग्रेड असतो: 1 ते 5, आणि 5 म्हणजे रंग लागलाच नाही.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. पत्राच्या फोटोवरून ओळ पुन्हा टाइप करून पाठवू नका. एका ग्राहकाने तसं केलं आणि ‘से’ गळला. आम्ही रंग सुटतो असं भाषांतर दिलं, त्यांनी रंगाईवाल्याशी आठवडाभर भांडण केलं, आणि मूळ पत्र आमच्याकडे आलं त्यानंतर! दुसरा प्रकार म्हणजे मोबाइलवर इंग्रजी करून “फक्त तपासून द्या” म्हणणं. त्या इंग्रजीत ‘से’ दिसतच नाही, तपासणार काय? मूळ मागवून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यामुळे तपासणीलाही आम्ही पूर्ण दरच लावतो.

पत्र कोणत्या देशातून आलं, हेही सांगा. एम्बार्रार म्हणजे स्पेनमध्ये चिखलाने माखणं. मेक्सिकोत तेल, क्रीम, काहीही चोपडलेलं चालतं. तिथे ‘मड’ लिहिलं तर तुम्ही गोदामात चिखल शोधत बसाल. पेर्कुदिदो हा शब्द लॅटिन अमेरिकेतल्या पत्रांत दिसतो. पांढरा कपडा वापरून वापरून कळकट होतो आणि धुतला तरी उजळत नाही, तो हा. इंग्रजीत एका शब्दात हे सगळं येत नाही, आम्ही तीन-चार शब्दांत सांगतो. एनसुसिआर हा साधा ‘मळवणं’, तिथे ‘डर्टी’ पुरतं. ‘सॉइल’ जपून वापरतो. माणसाबद्दल किंवा लंगोटाबद्दल ‘सॉइल्ड’ म्हटलं की इंग्रजी वाचकाच्या मनात विष्ठाच येते. दवाखान्याच्या कागदात मात्र ‘से एनसुसिओ’चा अर्थ बरेचदा तोच असतो, आणि बाईच्या तपासणीतलं ‘मांचादो’ म्हणजे पाळीखेरीज दिसणारं थोडं रक्त, इंग्रजीत ‘स्पॉटिंग’. असे कागद आमच्याकडे दोघे जण वाचतात, म्हणून एक दिवस जास्त लागतो.

आणि हो, पत्त्यातलं ‘कास्तिया-ला मांचा’ हा स्पेनमधला प्रदेश आहे, तिथे डाग शोधू नका.

पत्राचं अख्खं पान पाठवा, शिक्क्यासकट. सोबत डागाचा फोटो असेल तर तोही जोडा. तो बघायचे आम्ही पैसे घेत नाही.