चौदावा दिवस आला कुठून?

सोलापुरात मूल होण्यासाठी धडपडणाऱ्या बायकांशी बोलताना एक आकडा हमखास कानावर येतो: चौदा. "चौदाव्या दिवशी अंडं फुटतं, ते दोन दिवस सोडू नका." जाऊ सांगते, मैत्रीण सांगते, मोबाइलमधलं ॲपही सांगतं. जिची पाळी 35 दिवसांनी येते तीसुद्धा चौदावाच दिवस धरून बसते आणि पाळी आली की स्वतःला बोल लावते. हे बघून जीव तुटतो. कारण ज्या संशोधनातून हा चौदा आला, त्यात तो पाळीनंतर मोजलेलाच नव्हता. पुढच्या पाळीपासून मागे मोजला होता.

पुढे मोजायची सवय फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ऋतुकाल, म्हणजे गर्भ राहण्याचा काळ, 12 रात्रींचा सांगितला आहे आणि दिवस मावळला की कमळ मिटतं तसं ऋतुकाल संपल्यावर गर्भाशयाचं दार मिटतं, असा दाखला दिला आहे. मनुस्मृती 16 रात्री धरते. आपल्याकडे अजूनही काही घरांत डोक्यावरून पाणी घेतल्या दिवसापासून दिवस मोजतात. डॉक्टरीणबाई तारीख विचारतात आणि बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने केलेला गोल आठवून सांगते. तो गोल नहाणाच्या दिवसाचा असतो. चार-पाच दिवसांची चूक तिथेच होते. मोजायचं ते रक्तस्राव सुरू झाला त्या पहिल्या दिवसापासून.

युरोपातल्या डॉक्टरांची चूक याहून मोठी होती. कुत्रीला माज येताना रक्त जातं, तसंच बाईचं असणार, म्हणून पाळीच्या सुमारासच अंडं सुटतं, असं 19व्या शतकात बरेच जण धरून चालले होते. दिवस राहू नयेत म्हणून महिन्याचा मधला काळ 'सुरक्षित' सांगितला जाई. नेमका उलटा!

हा गुंता सोडवला जपानच्या निगाता शहरातले डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी. पोटाची शस्त्रक्रिया करताना ते अंडाशय डोळ्यांनी पाहत, अंडं फुटलं आहे की नाही ते टिपून ठेवत आणि मग त्या बाईची पुढची पाळी कधी येते, याच्याशी ताळा घेत. 1924 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: अंडं पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी फुटतं. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळजवळ याच ठिकाणी पोचले. कारण शरीरातच आहे. अंडं फुटल्यावर मागे उरलेल्या पिशवीचा पीतपिंड, म्हणजे पिवळसर गाठ, होतो, तो साधारण दोन आठवडे टिकतो, आणि गर्भ राहिला नाही तर सुकतो व पाळी येते. पाळी लांबते ती बहुतेक वेळा अंडं फुटण्याआधीच्या भागात. म्हणजे 28 दिवसांच्या पाळीत चौदावा दिवस, पण 35 दिवसांच्या पाळीत एकविसाव्याच्या आसपास.

ओगिनोंना हे मूल हवं असलेल्या जोडप्यांसाठी हवं होतं. संततिनियमनासाठी दिवस मोजण्याची ही पद्धत भरवशाची नाही, असं ते म्हणत. जगाने मात्र ती त्यासाठीच उचलली. आपल्या सरकारनेही 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोधी कॉलनी आणि म्हैसूरकडच्या रामनगरममध्ये तिचे प्रयोग केले. बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या.

मग तापमान आलं. अंडं फुटल्यावर शरीराचं तापमान अर्ध्या अंश सेल्सियसहून कमीच, पण चढतं आणि चढलेलं राहतं. ते मोजायचं सकाळी उठल्या उठल्या, अंथरूणातच. आता आमच्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे तीनला. बाई घागरी भरायला उठते, परत पडते, पुन्हा उठते. त्या तक्त्याला काय अर्थ राहणार? शिवाय चढ दिसतो तोवर अंडं फुटून गेलेलं असतं.

आज मेडिकलमध्ये लघवीची पट्टी मिळते. अंडं फुटायच्या आधी वाढणारं एलएच हार्मोन वाढलं की ती सांगते; त्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत अंडं फुटतं. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड, असेल तर पट्टी फसवू शकते. दवाखान्यातली फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून अंड्याची वाढ पाहणं, जास्त पक्की, पण मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने दिवसाआड सोनोग्राफीला यायचं म्हणजे विड्या वळणाऱ्या बाईच्या दर वेळी एक दिवसाच्या विड्या बुडतात.

1995 साली अमेरिकी संशोधक ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 221 बायकांच्या नोंदींवरून दाखवलं की दिवस राहण्याची शक्यता असते ती सहा दिवस: अंडं फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, अंडं मात्र जेमतेम एक दिवस. त्यामुळे अंडं फुटायची वाट पाहत थांबण्यापेक्षा आधीचे दिवस मोलाचे. पाळी 35 दिवसांची असेल तर सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे, आणि एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होणारच. पाच वर्षांनी याच नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली: हे सहाही दिवस, सल्ल्यात सहसा धरतात त्या, पाळीच्या 10व्या ते 17व्या दिवसांत बसले, अशा बायका फक्त 30 टक्क्यांच्या आसपास होत्या.

तारखांचा हा सगळा हिशोब बाईच्याच डोक्यावर बसतो. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा वय 35च्या पुढे असून सहा महिने गेले, तर तपासणी दोघांची करायची असते. नवऱ्याची वीर्यतपासणी एका नमुन्यावर होते, आणि ती पहिल्याच खेपेला करून घेता येते.