कॉलम्नॅरिस रोग

गोड्या पाण्यात वाढवल्या जाणाऱ्या माशांचा जिवाणूजन्य रोग. कातडी आणि पर यांवरही तो दिसतो, पण मासा मरतो तो बहुधा कल्ल्यांमुळे. फ्लॅव्होबॅक्टेरियम वंशातले लांबट, पिवळसर वसाहती करणारे जिवाणू त्याला कारण असतात. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया, पंगस आणि अमेरिकेतला कॅटफिश हे सगळे त्याच्या तडाख्यात सापडतात. माणसाला हा रोग होत नाही.

हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी 1922 साली मिसिसिपी नदीकाठच्या माशांवरून त्याचे पहिले वर्णन केले. नावामागे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले दृश्य आहे. आजारी कल्ल्याचा बारीकसा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून वर काच ठेवली, की काही मिनिटांत जिवाणू कडेला गोळा होतात आणि गवताच्या गंजीसारखे लहान लहान खांब उभे राहतात. या जिवाणूंना कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे, नसतात. ते पृष्ठभागावरून नुसते सरपटतात. ही साधी तपासणी आजही निदानाची पहिली पायरी आहे, आणि तिला ना महागडे यंत्र लागते ना फार वेळ. या जिवाणूचे नाव अनेकदा बदलले. 2022 मध्ये तर एकाच जातीच्या चार जाती झाल्या. त्यांपैकी एकीला डेव्हिस यांचे नाव मिळाले.

कल्ल्याचे काम नुसते श्वासाचे नाही. रक्तातला अमोनिया बाहेर टाकणे आणि क्षारांचा तोल राखणे हेही तिथेच चालते. त्यासाठी कल्ल्याच्या प्रत्येक तंतूवर कागदाहून पातळ पटलांची रांग असते. जिवाणू तिथे चिकटले की ऊती कुजू लागते. कल्ल्याचे झाकण उचलून पाहिले तर निरोगी कल्ला ताज्या रक्तासारखा लाल दिसतो. रोगट कल्ल्यावर पिवळट-पांढरे किंवा तपकिरी चट्टे, चिकट स्राव आणि टोकांना झिजलेले तंतू दिसतात. तीव्र साथीत मात्र बाहेरून काही दिसायच्या आतच मासे मरतात.

मासे वर येऊन तोंड मारू लागले, की शेतकरी प्राणवायू कमी पडला असे समजतो. पहाटे ते बहुधा खरेही असते, कारण रात्रभरात तळ्यातला प्राणवायू उतरलेला असतो. पण ऊन वर आले, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू आहे, तरीही मासे खाली जात नसतील, तर कल्ले तपासायलाच हवेत.

साथ भडकते ती बहुधा उन्हाळ्यात. पाणी 20 अंश सेल्सियसला प्रतिलिटर सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरते, 30 अंशांना सुमारे साडेसात. आणि याच उष्णतेत जिवाणू झपाट्याने वाढतात. दाट साठवण, तळाशी सडणारे उरलेले खाद्य, जाळ्यात घासून झालेल्या जखमा आणि बोटुकलीची (बोटाएवढ्या पिलांची) धसमुसळी वाहतूक यांनी त्यांना वाट मिळते. महाराष्ट्रातल्या जलाशयांत पिंजऱ्यांतून पंगस आणि तिलापिया वाढवणाऱ्यांनी बीज (माशांची पिले) सोडण्याच्या दिवशी म्हणूनच विशेष जपावे.

उपचाराची सुरुवात पाण्यापासून करावी: खाद्य थांबवणे, एरेटर वाढवणे, शक्य तिथे ताजे पाणी घेणे, मेलेले मासे रोज काढणे. तळ्यात पोटॅशियम परमँगनेट साधारणतः प्रतिलिटर 2 मिलिग्रॅमपासून वापरतात. मात्र पाण्यात सेंद्रिय गाळ जास्त असेल तर तेच औषध गाळावर खर्ची पडते आणि गुलाबी रंग लवकर तपकिरी होतो. रंग उतरला म्हणून डोळे मिटून मात्रा वाढवणे धोक्याचे, कारण आधीच सोललेल्या कल्ल्यांना हे औषध पोळते. प्रतिजैविके तज्ज्ञाच्या सल्ल्याखेरीज देऊ नयेत. शिवाय खाणे सोडलेल्या माशाच्या पोटात औषधी खाद्य पोचतच नाही.

ट्राउटच्या पिलांना होणारा ‘जिवाणूजन्य कल्लेरोग’ वेगळा. त्याचा कारक फ्लॅव्होबॅक्टेरियम ब्रँकिओफिलम. तिथे कूज कमी; पटले सुजून एकमेकांना चिकटतात. ब्रँकिओमायसेस बुरशीनेही कल्ले कुजतात, आणि तिच्यावर जिवाणूंची औषधे चालत नाहीत. तपासणीसाठी नमुना म्हणून आजारी पण जिवंत मासाच न्यावा, तोही त्याच तळ्याच्या पाण्यात. मेल्यानंतर उष्ण हवेत कल्ले इतक्या लवकर सडतात, की रोगाची कूज कोणती आणि मरणानंतरची कोणती हे सांगता येत नाही.