सांबरानं, गव्यानं पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज कसा करायचा

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड, या पट्ट्यात जंगलाला लागून ज्यांचं रान आहे त्यांनी हे माहीत करून ठेवाच. सांबर, चितळ, गवा, रानडुक्कर यांनी पीक खाल्लं तर वनखातं भरपाई देतं, पण मुदत फक्त तीन दिवसांची, तेवढ्यात जवळच्या वनरक्षकाकडं, वनपालाकडं नाहीतर रेंज ऑफिसात, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयात, अर्ज गेला पाहिजे. आपण म्हणतो बाजारच्या दिवशी जाऊन येऊ, तोवर एक पाऊस झाला की ठसे गेले आणि पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. 'आपले सरकार' पोर्टलवरनं ऑनलाइन पण होतो अर्ज.

कागदं म्हणाल तर सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकची झेरॉक्स आणि फोटो. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा, ऐनवेळी मुंबईचा भाऊ सापडत नाही.

फोटो मात्र नीट काढा, नुस्तं लांबनं शेत दिसून उपयोग नाही. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळं ते शेंडा ओढून तोडतं आणि धाट चिंध्या झाल्यासारखं दिसतं, ससा खातो तेव्हा तेच सुरीनं कापल्यागत साफ असतं, आणि डुकरानं तर मातीच उकरलेली असते. ठशाशेजारी पट्टी नाहीतर काडेपेटी ठेवून जवळनं फोटो घ्या, म्हणजे गवा का सांबर यावर वाद राहत नाही.

वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या पिकाला भरपाई नाही. शिकारीचा किंवा वनगुन्हा नावावर असेल तरी नाही, म्हणून कुंपणात करंट सोडायचा विचारसुद्धा करू नका, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही.

थोडंच गेलंय म्हणून अर्ज सोडू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. जंगलातली कुरणं रानमोडी आणि घाणेरी असल्या तणांनी भरली की सांबराला आत चारा मिळत नाही मग ते उसात, भातात उतरतं, त्याला नुस्तं हाकलून भागत नाही, आत गवत आणि पाणवठा पाहिजे. कुठल्या शिवारात जनावर सारखं येतंय हे कागदावर आलं तरच तिथल्या जंगलात काम मागायला आपल्याकडं आधार असतो. सांगलीकडं सागरेश्वर बघा, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं कुंपणातलं अभयारण्य, हरणं वाढली, चारा पुरेना आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना त्रास सुरू झाला. उलट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाला भक्ष्य म्हणून हरणं वाढायला पाहिजेत. म्हणजे हरणं किती असावीत हे त्या त्या जंगलात चारा किती यावर ठरतं.

अभयारण्यालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतनं सौर कुंपणाला अनुदान मिळतं, गावच्या समितीकडं किंवा रेंज ऑफिसात त्याची पण चौकशी करा. आणि जनावर शिवारात दिसलं तर 1926 ला फोन लावा, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे.