होडी सुटते तेव्हा

मे संपत आला की केरीच्या किनाऱ्यावर होड्या सुरूच्या बनापर्यंत ओढतात आणि माडाच्या चुडतांनी झाकतात. बाराजण दोराला लागतात, एकजण आरोळी देतो, दोर ताणतो... होडी ढिम्म. पुन्हा आरोळी. आता ती अशी सुटते की पुढचे दोघे तोंडघशी पडता पडता वाचतात.

थांबलेल्या वस्तूला धरून ठेवणारं घर्षण सरकत्या घर्षणाहून जास्त असतं, त्याचा हा खेळ. आकडे मांडू; सोयीसाठी धरलेले आहेत, होडी कुणी तोललेली नाही. वस्तुमान ४०० किलो, म्हणजे वाळूवर ४०० × ९.८ (गुरुत्वाचं त्वरण) = ३९२० न्यूटनचा भार; न्यूटन हे बळाचं एकक. घर्षणांक, म्हणजे घर्षण भाराच्या किती पट ते, थांबलेली असताना ०.६, सरकताना ०.५. हलवायला २३५२ न्यूटन हवेत. एकदा हलली की घर्षण १९६० वर उतरतं. माणशी २०० न्यूटन धरले तर बाराजणांचे २४००. एकजण चहाला गेला की उरले २२००. मग कितीही घाम गाळा!

सुटल्यावर शिल्लक बळ २४०० − १९६० = ४४० न्यूटन. त्याला ४०० ने भागलं की त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, १.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेवढंच टिकलं तर दोन सेकंदांत वेग सेकंदाला २.२ मीटर, म्हणजे ओढणाऱ्यांना पळावंच लागणार. भागायचं ते शिल्लक बळ. पोरं परीक्षेत सगळे २४०० भागून मोकळी होतात.

घर्षण भाराच्या प्रमाणात असतं, हे गियोम आमोंताँ या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये मांडलं. वाळूत तळ रुततो, त्यामुळे तिथे हा नियम ढोबळच.

पण भार कमी करता येतो की! दोर आखूड धरून खांद्यावरून घेतला, समजा २० अंशांनी वर, तर ओढ थोडी होडी उचलण्यात जाते. पुढची ओढ २२५५ वर येते खरी, पण भार ८२१ ने घटतो आणि सरकतं घर्षण १५५० पर्यंत उतरतं. त्वरण जवळपास १.८. असा दोर धरला तर सुरुवातीला अकराजणही पुरतात, चहाला गेलेल्याला परत बोलवायला नको.

किनारा सपाट कुठे असतो, असं केरीचा माणूस विचारणारच. ५ अंशांचा चढ धरला तर होडीचं वजनच ३४२ न्यूटनने मागे खेचतं. आडव्या दोराने बाराजण हरतात. खांद्यावरच्या दोराने होडी हलते, पण सुटण्याच्या क्षणी हाताशी उरतात जेमतेम ६३ न्यूटन. एकाने जरा हात सैल सोडला की होडी तिथेच.