घोट्याचा संधिवात: सांधा जखडण्यापासून सांधा बदलण्यापर्यंत

गुडघा बहुतेकांचा वयानुसार झिजतो. घोट्याचं तसं नाही. घोट्याच्या संधिवाताच्या दहा रुग्णांपैकी सात-आठ जणांचा घोटा पूर्वी कधीतरी मोडलेला किंवा वारंवार मुरगळलेला असतो. दुखापत आणि दुखणं यांच्यात दहा-वीस वर्षंही जातात. रुग्ण ती विसरून गेलेला असतो, म्हणून डॉक्टरांना ती खोदून विचारावी लागते. उरलेल्यांमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), जुना जंतुसंसर्ग अशी कारणं सापडतात. घोट्यावरच्या उपचारांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार येतो. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड असते. गुडघ्यात ती काही जागी सहा मिलिमीटरपर्यंत भरते. भार पेलणारं क्षेत्रफळही गुडघ्याच्या साधारण एक तृतीयांश. तरीही हा सांधा आयुष्यभर टिकतो, कारण नडगीचं हाड आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मिळून जी खोबण तयार होते, तिच्यात टॅलस हे हाड चपखल बसतं. ही बैठक बिघडली की सगळं बिघडतं. रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये मृतदेहांच्या घोट्यांवर दाखवून दिलं, की टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकला तरी हाडांचं एकमेकांना टेकणारं क्षेत्र ४२ टक्क्यांनी घटतं. म्हणूनच मोडलेल्या घोट्यात ‘हाड जुळलं’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ते कुठे जुळलं, हे महत्त्वाचं.

शस्त्रक्रियेची सुरुवात झिजलेल्या सांध्यापासून झाली नाही. व्हिएन्नाचे सर्जन एदुआर्ड आल्बर्ट यांनी १८८० च्या सुमारास पोलिओने लुळे पडलेले सांधे जखडून टाकायला सुरुवात केली. ‘आर्थ्रोडेसिस’ हा शब्दही त्यांचाच. कल्पना सोपी होती: कूर्चा खरवडून काढायची, म्हणजे दोन्ही हाडं एकजीव होतात. अडचण अशी की नुसत्या प्लास्टरमध्ये हाडं किंचित हलत राहत, मध्ये फट उरत असे आणि सांधा जुळत नसे. १९५१ मध्ये इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी दोन्ही हाडांतून आडव्या पिना घालून त्या बाहेरून शिकंज्याने आवळल्या. खुब्याच्या कृत्रिम सांध्यामुळे पुढे जगभर नाव झालेले चार्नली ते हेच. बाहेरच्या शिकंज्याची जागा आता आतल्या दोन-तीन जाड स्क्रूंनी घेतली आहे, आणि १९८० च्या दशकापासून हे काम दुर्बिणीतूनही होतं. तत्त्व मात्र चार्नलींचंच राहिलं: रक्त येईपर्यंत खरवडलेलं हाड, घट्ट दाब, आणि साधारण सहा आठवडे पायावर भार नाही.

खरं कौशल्य पाऊल कोणत्या कोनात जखडायचं यात आहे. पाऊल नडगीशी काटकोनात, टाच ० ते ५ अंश बाहेर झुकलेली आणि पाऊल ५ ते १० अंश बाहेर वळलेलं हवं. चवडा खाली झुकलेला राहिला तर प्रत्येक पावलाला गुडघा मागे ढकलला जातो. टाच आत वळली तर पावलाच्या बाहेरच्या कडेला घट्टे पडतात आणि दुखतं. तंबाखू, विडी-सिगारेट चालू असेल तर हाड न जुळण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. ती शस्त्रक्रियेच्या आधीच सोडायला हवी.

जखडण्याचा दीर्घकालीन तोटा २००१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या पाहणीतून दिसला. सरासरी २२ वर्षांनी तपासलेल्या २३ रुग्णांमध्ये बहुतेकांचे घोट्याखालचे आणि पुढचे सांधे झिजले होते. थांबलेल्या सांध्याची हालचाल शेजारच्या सांध्यांना करावी लागते, त्याचा हा परिणाम.

मग सांधा बदलायचा का? १९७० मध्ये फ्रान्सच्या लॉर्ड आणि मारोत यांनी तो प्रयत्न केला, पण खुब्याचा सांधा उलटा करून. नडगीत लांब दांडा आणि टॅलस पूर्ण काढून टाचेच्या हाडात सिमेंटने बसवलेली वाटी. पंचवीसपैकी बारा सांधे निकामी झाले. त्या दशकातले सिमेंटचे इतर सांधेही सैल होत गेले, कारण ते बसवताना हाड फार कापलं जाई आणि उरलेलं मऊ हाड दाबाखाली खचे. डेन्मार्कचे हाकोन कोफोड यांनी १९८६ मध्ये दोन धातूंच्या भागांमध्ये सरकणारी प्लास्टिकची चकती घातली, आणि पुढे सिमेंटही काढून टाकलं. त्यांच्या ‘स्टार’ सांध्याला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली.

दोन्ही शस्त्रक्रियांची थेट तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ‘टार्वा’ चाचणीत ५० ते ८५ वयाचे ३०३ रुग्ण होते. वर्षभरानंतर दोन्ही गटांना चांगला आराम होता आणि चालण्या-उभं राहण्यात ठळक फरक नव्हता. सांधा बदललेल्यांमध्ये जखम भरण्याच्या तक्रारी जास्त होत्या. जखडलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांचं हाड जुळलं नाही, त्रास मात्र सुमारे ७ टक्क्यांनाच झाला.

जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी डॉक्टरांना एक प्रश्न आधीच विचारावा: उकिडवं बसता येईल का? त्यासाठी नडगी पावलावर बरीच पुढे झुकावी लागते. जखडलेल्या घोट्याने ते होत नाही, आणि बदललेल्या घोट्यातही तेवढी हालचाल सहसा मिळत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेच्या तारखेआधी घरात कमोड बसवून घ्यावा, आणि पुढून-मागून गोलाई दिलेल्या तळव्याचे बूट करून घ्यावेत. असे बूट शस्त्रक्रिया न करणाऱ्यांनाही उपयोगी पडतात, कारण पाऊल घोट्यातून वाकण्याऐवजी बुटावरून पुढे घरंगळतं.