नागपूरचे ४४ आणि मुंबईचे ३४

मे महिन्यात विदर्भ एक्स्प्रेसने निघालेला नागपूरकर सकाळी दादरला उतरतो तेव्हा तसा निर्धास्त असतो. ४४ अंशांच्या गावातला माणूस, त्याला ३४ अंशांच्या गावाची कसली भीती? पण बॅग घेऊन पुलाच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. घ्यायला आलेली मुंबईकर बहीण म्हणते, "इथे तुमच्यासारखं ऊन नसतं रे दादा." तिचंही खरं आहे आणि त्याच्या शर्टाचंही.

हा गुंता पाण्याच्या वाफेचा आहे. हवेत किती वाफ आहे ते तिच्या दाबावरून मोजता येतं. नागपुरात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा बाष्पदाब साधारण १४ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) भरतो. मुंबईत ३४ अंश आणि ६० टक्के असेल, तर ३२. आता घामाने ओली झालेली आपली कातडी घ्या. ती साधारण ३५ अंशांची असते आणि तिच्या लगतचा बाष्पदाब ५६ च्या आसपास असतो. घाम किती वेगाने वाळणार हे या दोन दाबांमधल्या फरकावर ठरतं. नागपुरात हा फरक ४२, मुंबईत २४. म्हणजे वारा सारखाच असेल तर नागपुरात घाम पावणेदोन पट वेगाने उडून जातो. एक लीटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकून जमिनीवर पडला तर त्याचा उपयोग शून्य. मुंबईत घाम जास्त येतो असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा न वाळल्यामुळे दिसणारा घाम असतो. नागपूरकरालाही घाम येतच असतो, तो त्याला दिसत नाही एवढंच. (म्हणूनच तिकडे अंगातलं पाणी कमी झाल्याचं उशिरा कळतं. कोरड्या उन्हाळ्याची ही लबाडी वेगळीच आहे.)

हवामानशास्त्रात यासाठी 'वेट बल्ब' तापमान वापरतात. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडला, की वाळत्या पाण्यामुळे पारा खाली येतो. जिथे थांबेल तो आकडा. वरच्या उदाहरणात नागपूरचं वेट बल्ब तापमान येतं २३ च्या आसपास आणि मुंबईचं साडेसत्तावीस! साध्या तापमापकात दहा अंशांनी मागे असलेली मुंबई इथे चार अंशांनी पुढे जाते. घरातली दोन माणसं हे गणित न मांडता सांगू शकतील: एक, वाळ्याचा कूलर मुंबईला घेऊन गेलेला विदर्भातला भाडेकरू, आणि दुसरी, माठातलं पाणी हवं तसं गार का होत नाही म्हणून कुरकुरणारी आजी. कूलर काय, माठ काय, दोघांची सगळी मदार पाणी वाळण्यावर आहे.

वेट बल्ब ३५ ला पोचला तर निरोगी माणूसही सावलीत बसल्या बसल्या स्वतःला थंड ठेवू शकणार नाही, हे गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही हद्द ३१ च्या आसपासच लागते असं २०२२ मध्ये दिसलं. मुंबईचा नेहमीचा मे त्याच्या खाली आहे. पण त्या प्रयोगांतली माणसं हलकीफुलकी हालचाल करत होती, सामान घेऊन जिने चढत नव्हती.

मग ही वाफ येते कुठून? शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा ती जागा घ्यायला आत येते. हा दिवसाचा खारा वारा. रात्री उलट दिशेने वाहतो तो मतलई. मुंबईत खारा वारा सहसा अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतो आणि तिथे पारा अडतो. त्यामुळेच नागपूर ४४ वर असताना मुंबई ३४ वर राहते. पण एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी वर्षातलं सर्वांत गरम, २९ ते ३० अंशांचं असतं. त्यावरून येणारा वारा पारा उतरवतो आणि त्याच फेरीत वाफही आणून टाकतो. मुंबईकर या वाऱ्याला नावं ठेवतो, पण तो उशिरा आला की काय होतं हे मार्च महिना दाखवतो.

सांताक्रूझच्या वेधशाळेतला सर्वांत जास्त तापमानाचा आकडा मेमधला नाही. तो आहे १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ अंश. आणि २८ मार्च १९५६ ला तिथे ४१.७ अंशांची नोंद झाली होती. मार्चमध्ये, जेव्हा सूर्य अजून विषुववृत्त ओलांडून जेमतेम वर सरकलेला असतो! मुंबईच्या बरोबर डोक्यावर तो येतो १५-१६ मेच्या सुमारास, शून्य सावली दिवसाला. म्हणजे ऊन सर्वांत सरळ पडतं तेव्हा मुंबईचे विक्रम होत नाहीत, महिना-दीड महिना आधी होतात.

याचं उत्तर घाटात आहे. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी वारे पूर्वेकडून जोर धरतात आणि दख्खनच्या पठारावरची हवा सह्याद्रीवरून कोकणात उतरते. खाली येताना तिच्यावरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. कोरड्या हवेसाठी हा हिशेब ठरलेला आहे: किलोमीटरमागे ९.८ अंश. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. पुण्यात मार्चअखेरीला दुपारी ३६ अंश असणं ही रोजची गोष्ट. तीच हवा समुद्रसपाटीला आली की त्यात साडेपाच अंशांची भर पडते आणि होतात साडेएकेचाळीस. पुण्याला ज्या हवेबद्दल कोणी तक्रार करत नाही, ती मुंबईत उतरली की वर्तमानपत्राचा मथळा होते. पूर्वेचा वारा खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत किनाऱ्याबाहेर थोपवून धरतो. तोवर मुंबई भाजते, पण कोरडी भाजते. मग वारा फिरतो, पारा तासाभरात काही अंश खाली येतो आणि लोक घामाघूम व्हायला लागतात.

तेव्हा मुंबईला उन्हाळे दोन आहेत, मार्च-एप्रिलच्या काही दिवसांचा घाटावरून आलेला आणि मेचा समुद्रावरून आलेला. पाहुण्याने फोनवर तापमान बघण्याआधी वाऱ्याची दिशा बघावी. पूर्व असेल तर टोपी, ओला रुमाल, भरपूर पाणी. पश्चिम असेल तर सुती कपडे आणि पंख्याखालची जागा. हवा कातडीपेक्षा थंड असल्यामुळे मुंबईत पंखा खरोखर काम करतो. नागपूरच्या ४४ अंशांत तो गरम हवाच अंगावर फेकतो. आपलं हवामान खातंही किनाऱ्याला वेगळा नियम लावतं: मैदानी भागात उष्णतेची लाट ठरायला पारा किमान ४० ला जावा लागतो, किनारपट्टीवर ३७ पुरतात, अर्थात सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ असली तर.

एकाच दिवशी शहरभर उन्हाळा सारखा नसतो हेही लक्षात घ्या. कुलाबा हे दोन्ही बाजूंनी पाणी असलेलं टोक, तिथे वारा आधी पोचतो. कल्याण, बदलापूर, कर्जत या बाजूला तो उशिरा आणि दमून पोचतो, त्यामुळे तिकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कुलाबा चौतीसवर असू शकतो. मरीन ड्राइव्हवर गार वारा खायला पहाटे जाणारे पाहुणे निराश होतात. त्या वेळी जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात फारसा फरक उरलेला नसतो, मतलई वारा नावालाच असतो. वारा हवा असेल तर चारनंतर जावं, डोळ्यांवर ऊन घेत. पहाट चालण्यासाठी ठीक आहे. घारापुरीच्या पायऱ्या किंवा कान्हेरीचा काळा कातळ मात्र सकाळीच उरकावा. दुपारपर्यंत तो कातळ स्वतःच उष्णता फेकू लागतो.

बातम्यांतलं तापमान सावलीतलं असतं, जाळीदार लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. उघड्यावर सूर्याची आणि तापलेल्या जमिनीची उष्णता वेगळी अंगावर येते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या समारंभानंतर चौदा माणसं दगावली. त्या दिवशी आसपासचा पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला की सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा.

अंगाला दमट उकाड्याची सवय होते, पण त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, घामग्रंथी मीठ वाचवायला शिकतात. चार दिवसांच्या पाहुण्याचं मीठ मात्र वाहूनच जातं. त्याच्यासाठी कोकम सरबत उत्तम: मीठ आहे, साखर आहे, आणि आतड्यात साखरेबरोबर मीठ व पाणी लवकर शोषलं जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम बेताचं. म्हणून दिवसभर हिंडून आल्यावर नुसत्या शहाळ्यावर भागवू नये, चिमूटभर मीठ कुठूनतरी पोटात जाऊ द्यावं.

आणि मेचं तिकीट रद्द करून जूनमध्ये यायचा बेत असेल, तर पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. मात्र जूनच्या हवेतली वाफ मेपेक्षा काही कमी नसते. ढग ऊन अडवतात आणि पावसाचं थंड पाणी हवा निववतं, म्हणून बरं वाटतं. सरी दोन दिवस थांबल्या की परत पंख्याखालची जागा शोधावी लागते.