पोटात रक्त कुठून गळतंय हे कसं शोधतात?

संडासला काळं होतंय, हिमोग्लोबिन घसरत चाललंय, वरून दुर्बीण घातली, खालून घातली, तरी रक्त नक्की कुठून जातंय ते सापडत नाही असे पेशंट असतात. लहान आतडं कित्येक फूट लांब, साधी दुर्बीण त्याच्या मधल्या भागात पोचतच नाही, त्यात रक्तस्राव पण सारखा चालू नसतो, थोडा वेळ वाहतो नि मग गप्प. सोसायटीत गळती शोधायला रंगीत पाणी सोडतात आणि कुणाच्या छतावर रंग उतरतो ते बघतात ना, तसाच प्रकार. इथे रंग म्हणजे टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ, आणि तो लावायचा पेशंटच्याच लाल पेशींना.

आधी शिरेतून टिनचं इंजेक्शन देतात. हो, टिन, कल्हईवाल्याचं कथील! ते पेशींत जाऊन बसलं की वीसेक मिनिटांनी थोडं रक्त काढून त्यात टेक्नेशियम मिसळायचं. एरवी टेक्नेशियम पेशीत शिरतं तसं बाहेरही पडतं, पण आत टिन भेटलं की त्याचं रूप बदलतं आणि ते हिमोग्लोबिनला चिकटतं ते चिकटतंच. मग सिरिंज हळूहळू हलवत दहाएक मिनिटं थांबायचं आणि रक्त परत त्याच माणसाला द्यायचं. नाव पुन्हा पुन्हा तपासतात, कारण सिरिंजची अदलाबदल झाली तर रेडिएशनपेक्षा चुकीचा रक्तगट महागात पडेल.

मग पेशंट गॅमा कॅमेऱ्याखाली, म्हणजे टेक्नेशियममधून निघणारी किरणं टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली, पडून राहतो. हृदय, लिव्हर, मोठ्या रक्तवाहिन्या उजळलेल्या दिसतातच, बघायचा असतो तो नवीन ठिपका, जो आतड्यातून सरकत जातो. मिनिटाला साधारण ०.१ मिली गळती असली तरी सापडू शकते. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मं होतं, त्यामुळे रक्त उशिरा वाहायला लागलं तरी २४ तासांपर्यंत फोटो काढता येतात, फक्त तोवर ते आतड्यात पुढे गेलेलं असू शकतं, कधी मागेही. आणि टेक्नेशियम पेशींना नीट लागलंच नाही तर ते जठरात जमतं आणि उगाच रक्तस्रावाचा भास होतो. शंका आली तर थायरॉइडचा फोटो काढतात, कारण सुटं टेक्नेशियम तिथेही जमतं; तिथे पण चमक दिसली तर गडबड लेबलिंगची, म्हणजे पेशींना टेक्नेशियम लावण्यातली.

केमोथेरपीत हृदयाचं पंपिंग मोजायलाही ह्याच पेशी वापरतात, पण मला भारी वाटतो तो प्लीहेचा (स्प्लीनचा) प्रकार. त्यात लेबल केलेल्या पेशी मुद्दाम ४९-५० डिग्रीला गरम करून बिघडवतात, कारण खराब पेशी गोळा करणं हे प्लीहेचं रोजचं काम. अपघातात प्लीहा फुटली की कधीकधी तिचे तुकडे पोटात इकडेतिकडे रुजतात आणि वर्षांनंतर सीटीवर गाठी वाटतात. खराब पेशी नेमक्या त्या गाठीत जाऊन जमल्या, की ती प्लीहाच.